शरीरातली चरबी मोजायला शिकताय? आधी टेप, मग यंत्र

आहारशास्त्रात एमएस्सी करून इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींना बॉडी ॲनालायझरचं भारी आकर्षण असतं. पेशंट अनवाणी उभा राहतो, दोन दांडे हातात धरतो आणि मिनिटभरात कागद बाहेर येतो. चरबी ३१.४ टक्के, स्नायू इतके किलो, हाडं इतकी. आकडा दशांशासकट आला की तो खोटा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून नव्यांना मी पहिलं सांगते ते हे, की जिवंत माणसाची चरबी थेट मोजण्याची सोय कुठल्याच दवाखान्यात नाही. आपण मोजतो दुसरंच काहीतरी आणि त्यावरून गणित मांडतो. कॅलिपर, म्हणजे चिमट्यासारखं मापाचं साधन, बोटांनी उचललेल्या त्वचेच्या घडीची जाडी सांगतो. ॲनालायझर अंगातून सोडलेल्या बारीकशा विजेला झालेला रोध सांगतो. डेक्सा नावाच्या स्कॅनमध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून जाताना किती क्षीण झाले ते कळतं. चरबी हा त्यापुढच्या हिशेबाचा निकाल. कुठलाही रिपोर्ट हातात आला की खरं मोजलं काय आणि हिशेबाने काढलं काय, हे आधी विचारायची सवय लावा. या क्षेत्रातलं निम्मं शहाणपण त्यातच आहे.

हिशेब किती नाजूक असतो ते एकदा स्वतः करून बघा. १९६१ सालचं सिरी या संशोधकाचं समीकरण आजही शिकवतात: ४९५ ला शरीराच्या घनतेने भागा आणि ४५० वजा करा. घनता १.०५ धरली तर चरबी येते २१.४ टक्के. १.०४ धरली तर २६. घनतेत शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला आणि माणूस ठाकठीकवरून जाड झाला! शिवाय हे समीकरण चरबीविरहित शरीराची घनता सगळ्यांची सारखीच, म्हणजे १.१ धरतं. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना किंवा पायांवर सूज असलेल्या पेशंटला ते कसं लागू पडणार?

कॅलिपरने घेतलेल्या मापांचंही तसंच. दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, खवाट्याखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर अशा चार घड्यांची बेरीज घेऊन घनता काढायची समीकरणं डर्निन आणि वोमर्सली यांनी १९७४ साली ग्लासगोतल्या ४८१ स्त्रीपुरुषांच्या मापांवरून दिली. चार घड्यांची बेरीज ५० मिलिमीटर आली तर पंचविशीतल्या पुरुषाची चरबी साधारण १९ टक्के निघते आणि पन्नाशीपुढच्या पुरुषाची २६ च्या आसपास. चिमटीत आलेली घडी तेवढीच, पण वय वाढतं तशी चरबी कातडीखाली कमी आणि पोटाच्या आत जास्त साठते, म्हणून समीकरण बदलतं. अर्थात त्या ४८१ जणांत आपल्या सांगलीच्या काकू नव्हत्या. त्यामुळे मी स्वतः टक्केवारीपेक्षा घड्यांची मिलिमीटरमधली बेरीजच नोंदवून ठेवते आणि तीन महिन्यांनी त्याच बेरजेशी ताडून पाहते. त्यात कुणाचं समीकरण मध्ये येत नाही.

आता हाताचं काम. ट्रायसेप्सची, म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूची घडी घेता आली की बाकीच्या जमतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा. माणसाला कोपर काटकोनात वाकवायला सांगा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक बोटाने चाचपून शोधा, नजरेने नव्हे. मधलं अंतर मोजून बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात खाली सैल सोडायला सांगा. "मावशी, हात एकदम ढिला सोडा, पिशवी ठेवून दिल्यासारखा" म्हटलं की बहुतेकांना कळतं. 'रिलॅक्स' म्हटलं तर उलट ताठ होतात. खुणेच्या एक सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनीने कातडी आणि खालची चरबी उचला. स्नायू चिमटीत आलाय अशी शंका आली तर त्यांना हात जरा ताठ करायला सांगा, आत काही हललं तर सोडून पुन्हा धरा. कॅलिपरचे जबडे खुणेवर काटकोनात लावा, दाब पूर्ण सोडा आणि दोन सेकंदांनी रीडिंग घ्या. जास्त थांबलात तर चरबी दबत जाते आणि काटा खाली सरकत राहतो. आणि हो, रीडिंग होईपर्यंत बोटांची चिमटी सोडायची नाही. नवखे इथेच चुकतात.

एकाच जागी लागोपाठ दोनदा मापू नका. सगळ्या जागांची एक फेरी पुरी करा आणि मग दुसरी, म्हणजे कातडी पूर्ववत होते आणि पहिला आकडा डोक्यातूनही जातो. दोन मापांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसरं घ्या आणि मधला आकडा धरा. आकडे बोलायचे तुम्ही आणि लिहायचे दुसऱ्याने. लिहिणाऱ्याने ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणायचा.

पाठ्यपुस्तकात कंबर मोजायची सोपी वाटते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्या मध्यावर टेप, श्वास सहज सोडल्यावर रीडिंग. आपल्याकडे तिथेच परकराची नाडी असते. वर्षानुवर्षं बांधून तिचा खोल वळ पडलेला असतो आणि टेप आपोआप त्या वळात जाऊन बसते. नाडी सैल करायला लावून मध्य पुन्हा शोधावा लागतो. पुरुषांचा करदोटा वर सरकवावा लागतो. साडीवरून किंवा ड्रेसवरून मोजलेली कंबर मी कागदावर घेतच नाही. त्यासाठी पडदा हवा, दार लावलेलं हवं आणि मोजणारा मुलगा असेल तर खोलीत एखादी सिस्टर किंवा मावशी हवी. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणते.

दागिन्यांचंही आधीच ठरवून ठेवा. डेक्साच्या वेळी धातू नको असतो, पण मंगळसूत्र काढायला अनेक बायका तयार नसतात आणि त्यावरून वाद घालायचा नसतो. 'मंगळसूत्र, जोडवी अंगावर' अशी नोंद करा आणि पुढच्या वेळीही तसंच मोजा. डेक्साला क्ष-किरण असल्याने ते अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत येतं, त्यामुळे यंत्र चालवायचं काम प्रशिक्षित ऑपरेटरचंच. आपण झोपवण्याची पद्धत आणि रिपोर्ट वाचणं शिकायचं.

ॲनालायझर टाकाऊ नाही. फक्त तो विजेच्या रोधावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज घेतो हे विसरायचं नाही. चरबीविरहित शरीरात ७३ टक्के पाणी आहे असं धरून तो उलटा हिशेब करतो. त्यामुळे जेवून आलेला, जिममधून घामाघूम आलेला किंवा पाळी जवळ आल्याने अंगावर पाणी धरलेला माणूस वेगळाच आकडा देतो. सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, दर वेळी त्याच यंत्रावर, एवढं पाळा. पेसमेकर असेल तर मुळीच नाही. आणि उंची स्वतः मोजून टाका. या गणितात उंचीचा वर्ग येतो, म्हणून १६० सेंटिमीटरच्या बाईंनी सांगितलेली १६२ तशीच टाकली की तो वर्ग अडीच टक्क्यांनी वाढतो आणि बाई कागदावर फुकटात थोड्या सडपातळ होतात.

हॉस्पिटलमध्ये तर यंत्रापेक्षा टेप जास्त कामाला येते. लिव्हरच्या पेशंटच्या पोटात पाणी, डायलिसिसवाल्याच्या पायांवर सूज. अशा वेळी वजन काय सांगणार? मी दंड धरते. दंडाच्या घेरातून घडीची जाडी गुणिले π (पाय, म्हणजे ३.१४) वजा केली की स्नायूंचा घेर मिळतो. दोघींचाही दंड २५ सेंटिमीटर, पण एकीची घडी १५ मिलिमीटर आणि दुसरीची २५. पहिलीचा स्नायू २०.३ सेंटिमीटर निघतो, दुसरीचा जेमतेम १७.१. दुसरी अंगाने भरलेली दिसते म्हणून राउंडमध्ये तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. २०१९ च्या ग्लिम या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये कुपोषण ठरवताना घटलेले स्नायू धरले आहेत ते यासाठीच.

आपल्याकडे या सगळ्याला वेगळं महत्त्व का, ते पुण्यात नीट कळतं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण खवाट्याखालची घडी मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक पण चरबी राखून असलेलं बाळ. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३, याज्ञिकांची चरबी २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. बीएमआय २३ पासूनच भारतीयांना जादा वजनाचे का म्हणतात, असा प्रश्न पेशंटने केला की मी हीच गोष्ट सांगते.

पेशंटला आकडा सांगतानाही जपून. वीस वर्षांच्या मुलीला "तुझी चरबी ३४ टक्के" एवढंच सांगून सोडलंत तर ती जेवण टाकते. चरबीच्या टक्केवारीची सगळ्यांनी मान्य केलेली एकच सीमारेषा नाही. कंबर, दंड, मुठीची पकड आणि मागच्या वेळचा आकडा समोर ठेवूनच बोला. एक-दीड टक्क्याचा फरक दिसला तर अभिनंदन करायची घाई नको, तेवढा फरक एक तांब्या पाण्यानेही पडतो.

कामाच्या जागा म्हणाल तर संशोधन प्रकल्पांत मोजमापासाठी माणसं घेतात, बहुतेक करारावर. खेळाडूंसोबत काम करायचं असेल तर आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा लेव्हल वनचा कोर्स उपयोगी पडतो. जिमवाले बोलावतील, पण तिथे आकडा पॅकेज विकण्यासाठी लागतो, हे ओळखून जा. अर्ज करण्याआधी मैत्रिणी, भावंडं, शेजारी अशा वीसेक जणांची तीच मापं दोनदा घ्या आणि मोजमापाची तांत्रिक त्रुटी काढा: प्रत्येकाच्या दोन मापांतल्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, भागिले माणसांच्या दुप्पट संख्या, त्याचं वर्गमूळ. हा आकडा बायोडेटात लिहा. मुलाखत घेणाऱ्यांना तुमच्या टक्क्यांपेक्षा तो जास्त सांगून जातो. आणि जमलं तर त्यांनाही विचारा, तुमचा कॅलिपर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला होता.