नागपूरहून बालीची छोटी सहल आखताना

बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 5,780 चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर जिल्ह्यापेक्षाही बरेच कमी आहे. नकाशावर हा आकार पाहिला की पाच दिवसांत सारे बेट पालथे घालण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तेथील रस्ते अरुंद, वळणावळणांचे आणि दुचाकींनी गजबजलेले आहेत. विमानतळापासून उबुद हे आतल्या भागातील गाव जेमतेम 35 ते 40 किलोमीटरवर असले, तरी तेवढ्यासाठी दीड तास सहज मोडतो. समृद्धी महामार्गाच्या वेगाची सवय झालेल्या नागपूरकरांनी म्हणूनच बालीत किलोमीटर न मोजता तास मोजावेत आणि छोट्या सहलीत मुक्कामाची ठिकाणे दोनपेक्षा अधिक ठेवू नयेत.

काळ ठरवताना विदर्भाला एक सोय आहे. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे हवामान असते, जुलै-ऑगस्टमध्ये परदेशी पर्यटकांची गर्दी शिगेला पोहोचते, आणि आपल्याकडील शाळा साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद असतात. त्यामुळे मे महिना आणि जूनचे पहिले तीन आठवडे कुटुंबासाठी सर्वांत योग्य ठरतात. दिवाळीनंतर मात्र तेथे पाऊस सुरू होतो. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी न्येपीची तारीख आधी पाहावी. न्येपी हे बालीतील शक संवत्सराचे नववर्ष असून त्या दिवशी विमानतळ 24 तास बंद राहतो, रस्त्यावर कोणी फिरत नाही आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच थांबावे लागते. 2026 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा हे दोन्ही 19 मार्चला येतात. 2024 मध्ये मात्र न्येपी 11 मार्चला होती आणि पाडवा 9 एप्रिलला. म्हणून आपल्या पंचांगावरून अंदाज बांधू नये.

पासपोर्टची मुदत बालीत पोहोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना 30 दिवसांचा व्हिसा विमानतळावर पोहोचल्यावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क 5 लाख रुपिया (इंडोनेशियाचे चलन) आहे. याखेरीज 14 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपियांचा प्रांतिक कर घेतला जातो. हे आकडे ऐकून घाबरू नये. एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे ते सहाशे रुपये. व्हिसा आणि कर दोन्ही घरून भरून निघाल्यास लांबच्या प्रवासानंतर त्यांच्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही.

मुक्कामासाठी उबुद आणि समुद्रकाठचे सानूर ही जोडी निवडावी, असे माझे ठाम मत आहे. उबुदला तीन रात्री द्याव्यात. तेथून तेगलालांगची भातशेतीची पायऱ्या-पायऱ्यांची उतरण आणि ताम्पाकसिरिंगचे तीर्थ एम्पुल हे पवित्र झऱ्याचे मंदिर एकाच सकाळी पाहता येते. सवड असल्यास पश्चिमेकडील जातिलुविहला जावे. गावोगावच्या शेतकऱ्यांनी पाटाचे पाणी वाटून घेण्याची ‘सुबाक’ ही व्यवस्था तेथे डोळ्यांनी पाहता येते आणि युनेस्कोने 2012 मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. विदर्भातील शेतकरी कुटुंबातील कोणालाही ही जागा समुद्रकिनाऱ्याहून अधिक काळ धरून ठेवील. मंदिरांत कमरेला सारोंग (लुंगीसारखे वस्त्र) आणि पट्टा बांधावा लागतो. पदपथावर पानांच्या लहान द्रोणांत ठेवलेल्या फुलांच्या नैवेद्यावर पाय पडणार नाही, याची काळजी मुलांनाही शिकवावी.

उरलेल्या दोन रात्री सानूरला काढाव्यात. कुटा आणि त्यापुढील पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटा व आत ओढणारे प्रवाह असतात. आपले पोहणे बहुधा तलावात किंवा जलतरण तलावात झालेले असते, आणि समुद्राचा ओढा त्या सवयीला जुमानत नाही. लाल झेंडा असेल तेथे पाण्यात उतरूच नये. प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे. सानूरचा किनारा प्रवाळखडकांमुळे शांत राहतो, म्हणून लहान मुले व ज्येष्ठांसाठी तो उत्तम. नुसा पेनिदा बेटाकडे जाणाऱ्या वेगवान बोटी येथूनच सुटतात, पण त्या बेटावरील रस्ते आणि कड्यांवरच्या पायऱ्या फार दमवतात. गुडघेदुखी असलेल्यांना तेथे नेऊ नये. एक संध्याकाळ उलुवातूसाठी राखावी, कारण कड्यावरच्या मंदिराजवळ सूर्यास्ताच्या वेळी होणाऱ्या केचाक नृत्यात रामायणाचा प्रसंग वाद्यांविना, केवळ पुरुषांच्या कंठातून उमटणाऱ्या लयीवर उभा राहतो.

फिरण्यासाठी चालकासह दिवसभराची गाडी ठरवणे चौघांच्या कुटुंबाला परवडते आणि भाड्याच्या स्कूटरपेक्षा ती कितीतरी सुरक्षित असते. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की बालीत हिंदू बहुसंख्य असले, तरी तेथील जेवण शाकाहारी नसते. भाजीत आणि चटणीतही अनेकदा ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा घातलेला असतो. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी’, म्हणजे मांस, मासे आणि तेरासी नको, हे तीन शब्दप्रयोग पाठ करावेत आणि टोफू, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) व गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतील भाज्या) मागवावे. नळाचे पाणी पिऊ नये.

नागपूरहून थेट विमान नसल्याने बेंगळुरू, दिल्लीमार्गे किंवा भारतातील मोठ्या विमानतळावरून पुढे सिंगापूर, क्वालालंपूरमार्गे जावे लागते. शक्यतो सर्व टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्या प्रवासाची सोय विमान कंपनी करते. तिकिटे वेगळी असतील, तर परतताना नागपूरच्या विमानाआधी किमान सहा-सात तासांचे अंतर ठेवावे. शेवटची रात्र सानूरलाच असावी, कारण तेथून विमानतळ उबुदच्या मानाने बराच जवळ आहे.