ऑफिसात, सोसायटीत ख्रिस्ती म्हणून कसं राहायचं

नगर-श्रीरामपूरकडची आपली मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली की विचारतात, ऑफिसात आपण ख्रिस्ती आहोत हे सांगायचं का. माझं म्हणणं, सुरुवातीलाच सांगून टाका, डबा खाताना सहज, "रविवारी सकाळी मी चर्चला असतो" एवढंच. गायकवाड, साळवे अशी आडनावं असल्यामुळे समोरच्याला आपोआप कळत नाही, आणि वर्षभराने कुठून तरी कळलं की त्याला वाटतं हा लपवत होता, मग उगाच संशय.

खरी अडचण खंडेनवमीला, कॉम्प्युटरची पूजा, आरती, प्रसाद. त्या दिवशी रजा टाकून गायब होऊ नका. ज्याने पूजा ठेवलीय त्याला आदल्या दिवशीच सांगा, "मी पूजेला बसणार नाही, पण बाकी काय काम असेल ते सांग", आणि खरंच करा, खुर्च्या लावा, जेवणाची ऑर्डर बघा. लोकांना नकार तेवढा खटकत नाही जेवढा आपला फुगलेला चेहरा खटकतो. प्रसादाबद्दल आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ८व्या आणि १०व्या अध्यायात यावर बरंच सांगितलंय, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पाळकांसोबत बसून ते वाचा आणि आधीच ठरवा, हातात पेढा आल्यावर नाही. घेत नसाल तर हसून "नको, थँक्यू" म्हणा, तिथे मूर्तिपूजेवर प्रवचन नको. दुसऱ्याच्या देवाची टिंगल तर कधीच नको, घरातही नाही, पोरं ऐकत असतात.

मग तो "राईस बॅग"चा टोमणा, तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलला वगैरे. व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडू नका, ज्याने लिहिलं त्याला चहाला घेऊन जा आणि शांतपणे बोला, बायबलमध्ये प्रेषित पेत्राने पण उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेने असंच सांगितलंय. त्यासाठी आपला इतिहास माहीत पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा तो दर्जा जातो, आरक्षण जातं, १९५६ ला शिखांचा आणि १९९० ला बौद्धांचा समावेश झाला, आपण अजून बाहेरच. म्हणजे आपल्या कितीतरी घरांनी विश्वासासाठी हातातलं सोडलंय, ही गोष्ट समोरच्याला बहुतेक वेळा माहीतच नसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायको-मुलापासून काही वर्षं ताटातूट झाली, तरी त्यांनी ख्रिस्त गायला तो अभंगातच, मराठीपण सोडलं नाही. पंडिता रमाबाईंवर केवढी टीका झाली, त्या केडगावला दुष्काळातल्या पोरीबाळींना सांभाळत राहिल्या.

घरी प्रार्थनासभा घेत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, स्पीकर नको, टाळ-ढोलकी पण बेताची. संविधानाच्या कलम २५ ने धर्म पाळायचा हक्क दिलाय हे खरं, पण दारात जमाव आला तर कलमावर वाद घालत बसू नका, बायका-पोरांना आत घ्या, ११२ ला फोन लावा, कोणी हात उचलला तरी तुम्ही उचलू नका. ओळखीच्या वकिलाचा नंबर आधीच सेव्ह असू द्या आणि नंतर लेखी तक्रार नक्की करा, क्षमा करणं आणि तक्रार करणं दोन्ही एकत्र चालतं, पौलाने पण स्वतःच्या बचावासाठी आपलं रोमी नागरिकत्व वापरलंच की.

आणि कोणाला मदत करताना, हॉस्पिटलात डबा असो की शाळेची फी, सोबत धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका. त्याने स्वतःहून विचारलं तर मग मोकळेपणाने येशूबद्दल सांगा, संकोच नको.

नाताळचा फराळ मात्र अख्ख्या मजल्यावर वाटा, करंज्या-चकल्या सगळ्यांना चालतात, केक देणार असाल तर माळकरी शेजाऱ्यांसाठी बिनअंड्याचा करा आणि देताना तसं सांगा.