कोकणात घर बांधताय? आधी पाऊस बघा, मग प्लॅन

गावी घर बांधायचं म्हटलं की बरेच जण पुण्या-मुंबईतल्या बंगल्याचा प्लॅन उचलतात आणि तोच चिपळूण नाहीतर देवगडात उभा करतात, मग काही पावसाळ्यांत स्लॅब गळायला लागतो आणि त्याच्यावर लोखंडी पाईप लावून पत्र्याची शेड चढते, म्हणजे छपराचा खर्च दोनदा. प्लीज असं करू नका. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, त्यामुळे इथे विचार छपरापासूनच सुरू करायचा.

छप्पर उतरतंच हवं, 30 अंशांच्या आसपास उतार ठेवा आणि वर मंगलोरी कौलं. जुनी घरं पाडतात तिथे वापरलेली कौलं स्वस्तात मिळतात, फक्त बोटाने वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे समजा. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीच्या अडीच-तीन फूट बाहेर काढा. पावसाळी वारा नैऋत्येचा, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम अंगाला नुसत्या वळचणीने भागत नाही, तिथे पडवीच हवी. झड भिंतीपर्यंत पोचत नाही आणि मे महिन्यात दुपारनंतरचं ऊनही बाहेरच थांबतं.

भिंत जांभ्याची, म्हणजे इथल्या लाल, सच्छिद्र दगडाची. भट्टी नाही, भाजणं नाही, दगड जवळच्याच खाणीतला. चिरा (जांभ्याचा कापलेला ठोकळा) खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, म्हणून आल्या आल्या लावायची घाई नको, थोडे दिवस रचून ठेवा. पण चिरा पाणी पितो हे लक्षात ठेवा. त्यावर बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर मारलं की शिरलेली ओल बाहेर पडत नाही, मग फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा चुना-वाळूने दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरून भिंत उघडी ठेवा, पावसाच्या बाजूला फारच वाटलं तर चुन्याचा गिलावा करा. जोतं, म्हणजे घराचा चौथरा, दोन-अडीच फूट तरी उचला.

इथली हवा दमट, त्यामुळे भिंत कितीही जाड केली तरी वारा खेळल्याशिवाय घाम सुकत नाही. खिडक्या समोरासमोर, आणि छपराच्या दोन्ही टोकांना आढ्याखाली जाळी, म्हणजे वर साठलेली गरम हवा निघून जाते. मधे माळा टाकला तर कौलांची धग खाली कमी येते.

लाकूड फणस किंवा किंजळ, त्याला काजूच्या टरफलाचं तेल लावा, वाळवी लांब राहते (हातमोजे घालूनच, कातडी भाजते).

आता पाणी, आणि हे खरंच मनावर घ्या. 1000 चौरस फूट छपरावर 3000 मिमी पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी, आणि तरी मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर येतो कारण जांभ्यातून सगळं खाली झिरपून जातं! पन्हळी लावा, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं वाळू-कोळशाच्या गाळणीतून टाकीत. पिणं-स्वयंपाकाला दिवसाला 50 लिटर धरले तर 5000 लिटरची टाकी 100 दिवस पुरते. जास्तीचं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा करून जिरवा. टाकी मात्र घट्ट झाकलेली हवी, उजेड शिरला की शेवाळ धरतं, आणि पिण्याआधी पाणी उकळून घ्या.