अंगणातले डास आणि घरगुती उपाय: काय लावावे, किती आणि किती वेळ पुरते

पावसाळा ओसरू लागला की घराबाहेर बसण्याचे दिवस येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोकणातल्या ओट्यावर किंवा खळ्यात पाच मिनिटेही स्वस्थ बसता येत नाही. घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ असतात. पण तो उपाय किती वेळ टिकतो आणि कोणत्या किड्यावर चालतो, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही एकटी पुरी पडत नाही. दोन-तीन एकत्र केल्या आणि प्रत्येकीची वेळ लक्षात ठेवली, तर मात्र संध्याकाळ बरी जाते.

आधी चावणारा कोण ते पाहावे. डासांत रक्त पिते ती फक्त मादी. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून ती आपल्याला शोधून काढते. डेंग्यू पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-एक तासांत, तर हिवतापाचा ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. म्हणून ‘दिवेलागणीला धूर केला की झाले’ ही समजूत अर्धीच खरी आहे. चार वाजता बागेत फुले काढणाऱ्याला त्या धुराचा काही उपयोग नाही.

सर्वांत परिणामकारक उपाय अंगाला लावायचा नसून परसात करायचा आहे. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातला एक दिवस ठरवून साठलेले सारे पाणी ओतून टाकले की ती साखळी तुटते. पिंप आणि रांजण सर्वांनाच आठवतात. विसरतात त्या नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या पडलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाचे रुंद, खोलगट भाग), कुंड्यांखालच्या ताटल्या, तुंबलेल्या पन्हळी, लाकडांवर टाकलेल्या प्लॅस्टिकच्या घड्या आणि रबराच्या मळ्यात झाडाला बांधलेल्या चिकाच्या वाट्या. भांडे नुसते पालथे घालून भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने जगतात. कड काथ्याने घासूनच काढावी लागते. विहिरीत किंवा उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते बहुतेक ठिकाणी आरोग्य केंद्रातून मिळतात.

आता अंगाला लावायचे तेल. १९९३ साली भारतीय मलेरिया संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून लावले असता ॲनोफिलिस जातीच्या डासांपासून रात्रभर, म्हणजे बारा तास, संरक्षण मिळाल्याची नोंद आहे. प्रत्यक्षात घाम येणाऱ्या आणि हालचाल करणाऱ्या माणसाने इतकी आशा धरू नये. दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असाच हिशेब ठेवावा. कृती सोपी आहे. शंभर मिलिलिटर खोबरेल तेलात दोन मिलिलिटर कडुनिंबाचे तेल घालावे. औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्याने मोजल्यास हे अर्ध्या चमच्याहून थोडे कमी भरते. हवे असल्यास त्यात तीन मिलिलिटर, म्हणजे अंदाजे साठ थेंब, सिट्रोनेला या सुगंधी गवताचे तेल मिसळावे. मिश्रण काळ्या किंवा तपकिरी बाटलीत भरून उन्हापासून दूर ठेवावे. थंडीत खोबरेल थिजते आणि कडुनिंबाचे तेलही घट्ट होते, म्हणून डिसेंबरनंतर तिळाचे तेल वापरणे सोयीचे. वास उग्र येतो आणि पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात, ते सोसावे लागते.

सिट्रोनेला आणि आपला गवती चहा ही एकाच कुळातली, पण वेगळी गवते आहेत. दोन्हींचा सुगंध चटकन उडून जातो आणि घरगुती उपायांची खरी मर्यादा तिथेच आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००२ साली आलेल्या तुलनात्मक चाचणीत सिट्रोनेलाची तयार उत्पादने सरासरी वीस मिनिटेही टिकली नाहीत, सोयाबीन तेलाचे एक उत्पादन सुमारे दीड तास टिकले आणि सुमारे चोवीस टक्के डीट हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम पाच तास टिकले. सुगंधी तेल खोबरेलासारख्या जड तेलात मिसळायचे ते यासाठीच, की ते सावकाश उडावे. उलट, तेच थेंब पाण्यात टाकून फवारण्याची कृती सर्वत्र सांगितली जाते, ती करू नये. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते, आणि एखाद्या फवाऱ्यात त्याचा निव्वळ थेंब त्वचेवर पडून आग होते. कुठलेही मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. लिंबाचा रस अंगाला चोळून उन्हात जाणे तर साफ टाळावे, कारण त्याने त्वचेवर काळे चट्टे उठतात आणि ते लवकर जात नाहीत.

तीन वर्षांखालील मुलांना सुगंधी तेलांचे मिश्रण लावू नये. त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पाळण्यावर मच्छरदाणी टाकावी. कापूर आणि कडुनिंबाचे तेल दोन्ही मुलांच्या पोटात गेल्यास विषारी ठरतात, त्यामुळे झटके येऊ शकतात. खोबरेलात कापूर विरघळवून बाळाला चोळण्याची जुनी सवय म्हणूनच सोडलेली बरी.

धुराचे म्हणाल तर कडुनिंबाचा पाला, निर्गुंडी आणि शेणी यांच्या धुराने डास काही काळ दूर राहतात, यात शंका नाही. धुरी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बसण्याच्या जागेपासून काही पावलांवर ठेवावी आणि पाला अर्धवट ओला असावा, म्हणजे जाळ न होता धूर होतो. पण डासाला नकोसा धूर फुप्फुसांनाही नकोसाच असतो. घरात किंवा दम्याच्या रुग्णाजवळ धुरी करू नये. माझ्या मते धुरापेक्षा साधा टेबलफॅन कितीतरी सरस आहे. डास दुबळा उडतो, जोराच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही, शिवाय पंखा आपल्या श्वासाचा आणि घामाचा माग पांगवून टाकतो. पंखा तोंडाकडे न ठेवता पायांच्या रोखाने ठेवावा, कारण एडिस बहुधा घोट्यापाशी चावतो. ओल्या खळ्यात वायर जमिनीवर लोळू देऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

कुंडीतली तुळस किंवा झेंडू नुसते उभे राहून डास पळवत नाहीत. लवंगा टोचलेले लिंबू टेबलावर शोभते, इतकेच. लसूण खाणे, मनगटावरचे सुगंधी पट्टे आणि आवाज करणारी यंत्रे यांवर पैसे घालवू नयेत. कपडे मात्र नक्की मदत करतात: फिक्या रंगाचे, सैल आणि पूर्ण बाह्यांचे. घट्ट कपड्यातून डासाची सोंड आरपार जाते.

रानात किंवा काजूच्या बागेत जायचे असेल तर हिशेब बदलतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्याच्या सत्तरीत माकडताप आढळतो. हा रोग १९५७ साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि तो गोचिडीमुळे पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य हंगाम, म्हणजे नेमका काजू वेचण्याचा काळ. इथे कडुनिंबाच्या तेलावर किंवा करंजेलावर विसंबू नये. आरोग्य विभाग देत असलेले गोचीडरोधक तेल लावावे, पायघोळ कपडे मोज्यांत खोचावेत, पाल्यापाचोळ्यावर अंग टाकू नये आणि घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवून साबणाने आंघोळ करावी. काखा, जांघा, कानामागची जागा आणि केस तपासावेत. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे किंवा जळती काडी टेकवणे चुकीचे आहे, आणि ती बोटांनी चिरडूही नये. जागा साबण-पाण्याने धुवावी. त्यानंतरच्या काही दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांकडे जाऊन ‘रानात गेलो होतो, गोचीड चावली होती’ हे आपणहून सांगावे.