चार लाखांत जुनी वेगवान गाडी: ग्वाल्हेरमध्ये शोधताना काय तपासावं

दोन दारांची आयात गाडी या बजेटमध्ये विसरा. जुनी ऑडी टीटी किंवा मर्सिडीज एसएलके पाहून जीव कितीही गुंतला, तरी गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. आपल्याला परवडणाऱ्या आणि तरी मनापासून पळणाऱ्या गाड्या वेगळ्या आहेत. २००४ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस (१.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस म्हणजे अश्वशक्ती), २०११ मध्ये आलेली स्कोडाचीच लॉरा व्हीआरएस (१६० पीएस, सहा गिअर), आणि टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्रणेची) झंझट नको असेल तर फोर्ड फिएस्टा १.६ एस. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं, त्यामुळे फिएस्टाचे दिवे आणि बंपर कुठे मिळतात हे गाडी घेण्याआधी शोधून ठेवा.

२०१३ची पोलो जीटी टीएसआय सगळे सुचवतात. मी सुचवत नाही. गाडी सुंदर आहे, पण तिच्या सात गिअरच्या डीएसजीमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) कोरडे दुहेरी क्लच आहेत, आणि मे महिन्यात भर दुपारी महाराज बाड्यावरच्या कोंडीत इंच-इंच सरकणं त्या क्लचला सोसत नाही. त्या गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारं मेकाट्रॉनिक युनिट गेलं की बजेटचा मोठा लचका तुटतो. मर्यादित पैशांत हाताने गिअर टाकायची गाडीच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

चार लाख असतील तर गाडीवर तीनच लावा. उरलेला एक लाख पहिल्या वर्षाच्या कामांचा.

आता तपासणी. ‘कमी चाललेली गाडी बघा’ हा सल्ला आधी डोक्यातून काढा. मीटर मागे फिरवता येतो, आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे रबरी सील सुकतात. दीड लाख किलोमीटर झालेली, पण तेलबदलाच्या सगळ्या पावत्या असलेली गाडी मी डोळे झाकून आधी निवडेन. रंग, सीट, म्युझिक सिस्टिम यांवर वेळ घालवू नका, ते सगळं नंतर होतं.

खरा टप्पा म्हणजे थंड इंजिन. तो आवाज ओळखायला मला वर्षं लागली, म्हणून सविस्तर सांगतो. लॉराच्या १.८ टीएसआय इंजिनात टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवणारी साखळी) असते आणि तिला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर दाब तयार होईपर्यंत, थकलेल्या टेन्शनरची चेन दोन-तीन सेकंद खडखडते. मग आवाज बंद, आणि दिवसभर गाडी गुळगुळीत. ही दोन-तीन सेकंदं ऐकली नाहीत तर तुम्ही काहीच ऐकलं नाही. चेनने एखादा दात सोडला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं.

विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही पोचता तेव्हा गाडी गरम करून ठेवलेली असते आणि वर ऐकवतात, “मक्खन है, सर!” म्हणून आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी मी स्वतः स्टार्ट करणार. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर वाद न घालता परत या आणि दुसऱ्या दिवसाची वेळ मागा. दोनदा असं झालं तर त्या गाडीचा नाद सोडा. एक मित्र बॉनेट उघडून उभा, तुम्ही चावीवर, असं दोघांनीच ऐका.

याच कारणासाठी गाडी डिसेंबर-जानेवारीत घ्या. जाड तेल घालून खडखड आणि धूर दाबण्याची युक्ती जुनी आहे, पण आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीत ते तेल वर चढायला वेळ घेतं आणि खोट उघडी पडते. शिवाय ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सवलत जाहीर झाली की लोक नव्या गाडीकडे वळतात आणि जुन्या विकायला निघतात.

दुसरी परीक्षा किल्ल्याची. उरवाई दरवाज्याकडून वर चढा. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. खाली सपाटीला आल्यावर दाबा आणि मागच्या गाडीतल्या मित्राला धूर बघायला सांगा. उतारावर इंजिनातल्या ओढीने थकलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून तेल आत शिरतं आणि नंतर निळा धूर होऊन बाहेर पडतं. निळा लोट दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. १.८ टीएसआय तशीही तेल खाते, तेव्हा दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती तेल वर घालावं लागतं हे मालकाला सरळ विचारा.

लिफ्टवर चढवून खालून बघा, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. दिल्लीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा: जुलै २०२३ मध्ये यमुनेला पूर आला होता, आणि पट्ट्याच्या टोकाचा गाळ कोणी धूत नाही.

दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. टोकन थोडंच द्या. फॉर्म २८ची एनओसी (गाडी दुसरीकडे न्यायला आधीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय बाकी रक्कम देऊ नका, ‘आठवड्यात आणून देतो’ याला अर्थ नाही. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर कर्जाची नोंद आणि थकलेले चलान बघा, चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. एमपी ०७ नंबर घेताना इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो सौद्याच्या आधी आरटीओत विचारून किमतीत धरा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची विम्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही.

घरी आणल्यावर इंजिन तेल, गिअर तेल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. ऑक्टेव्हियाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो बदलल्याची पावती नसेल तर वॉटर पंपासकट लगेच बदलून टाका. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा वर्षांच्या वरचे टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली, तरी आधी काढा आणि मगच झांशी रोडवर पाय दाबा.