क्रीडा व्यवस्थापनाकडे निघालेल्या मुलीसाठी तयारीची यादी

प्रवेशअर्ज भरण्याआधी एक कोरा कागद घे आणि एखाद्या क्लबकडे, लीगकडे किंवा क्रीडासंघटनेकडे पैसा कोणकोणत्या वाटांनी येतो ते लिहून काढ. प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, तिकिटं, जर्सी-टोप्यांची विक्री, खेळाडूंच्या हस्तांतराची रक्कम, अनुदान, मैदान भाड्याने देणं. हे पहिलं काम, कारण पुढची सगळी तयारी त्याच्यावर उभी आहे. क्रीडा व्यवसायात मुलींना नोकऱ्या मिळतात, पण बऱ्याच जणींना कार्यक्रमाचं आयोजन, प्रसिद्धी, सोशल मीडिया, पाहुण्यांची सरबराई या बाजूला वळवलं जातं. ती कामं जीव काढणारी असतात, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. तरीही संस्थेचं धोरण ठरतं त्या बैठकीत बसणारी माणसं बहुधा हक्क विकणारी, प्रायोजक आणणारी आणि अंदाजपत्रक सांभाळणारी असतात. पदवीची वर्षं त्या बैठकीच्या तयारीत गेली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातले फोटो सोडून थेट विषयांची यादी उघड. या विद्याशाखेचा जन्मच व्यवसायाच्या गरजेतून झाला. ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल क्लबचे अध्यक्ष वॉल्टर ओमॅली यांनी 1957 साली जेम्स मेसन या प्राध्यापकांकडे विषय काढला, की क्लब चालवायला शिकून तयार झालेली माणसं हवीत आणि ती तयार करणारा अभ्यासक्रम कुठेच नाही. त्यातून 1966 मध्ये ओहायो विद्यापीठात पहिली पदव्युत्तर पदवी सुरू झाली. तेव्हा तुझ्या यादीत वित्त, क्रीडा कायदा, विपणन आणि संख्याशास्त्र सक्तीचे आहेत का, हे आधी बघ. वित्त आणि कायदा ‘ऐच्छिक’ रकान्यात दिसले, तर तिथे प्रवेश घेण्याआधी दोनदा विचार कर, आणि घेतलाच तर हे दोन विषय निवडायचेच. 2000 साली सुरू झालेल्या ‘फिफा मास्टर’ या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरला खेळाचा इतिहास आणि समाजशास्त्र, इटलीतल्या मिलानला व्यवस्थापन, स्वित्झर्लंडमधल्या नोशातेलला कायदा. तुझ्या अभ्यासक्रमात या तिघांपैकी एखादी बाजू लंगडी असेल, तर ती बाहेरून भरून काढायची तजवीज पहिल्याच सत्रात कर.

विभागाला विचारायचे प्रश्न लिहूनच ने. इंटर्नशिप कोण मिळवून देतं, विभाग की विद्यार्थिनी स्वतः? तिचे श्रेयांक किती, मानधन मिळतं का, आणि मिळत नसेल तर राहण्या-जाण्याचा खर्च कोणावर? मागच्या तुकड्यांतल्या मुली आज कुठे आहेत, हेही विचार. उत्तरात नुसती क्लबांची नावं आली तर समाधान मानू नकोस, पद काय आहे ते विचार. नामांकित क्लबात तीन वर्षं पास वाटणारी आणि छोट्या लीगमध्ये प्रायोजकांशी करार करणारी, यांतली दुसरी पुढे गेलेली आहे.

आता अभ्यास. एक्सेल हाताखालचं झालं पाहिजे, याला पर्याय नाही. सराव म्हणून एक खरा आकडा घे. 30 मार्च 2022 रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ या स्टेडियमवर बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या महिला संघांचा सामना बघायला 91,553 प्रेक्षक आले. बातमी तिथे संपते, तुझं काम तिथून सुरू होतं. यातली पूर्ण दराची तिकिटं किती असू शकतील? पहिल्यांदाच मैदानावर आलेले किती? त्यातले किती जण पुढच्या साध्या लीग सामन्याला परत येतील, आणि त्यांना परत आणायला माणशी किती खर्च परवडेल? वेगवेगळे अंदाज धरून तीन तक्ते कर. प्रायोजकाच्या माणसासमोर असा तक्ता ठेवता आला, की ‘तुम्ही स्वतः कोणता खेळ खेळलात?’ हा प्रश्न मागे पडतो. (खेळलेली असशील तर उत्तमच. नसशील तर नियम, हंगामाचं वेळापत्रक आणि स्पर्धेची रचना मात्र पक्की हवी.)

कायद्याच्या तासाला करार वाचायची सवय लाव. प्रायोजकत्वाच्या करारात रकमेपेक्षा बाकीची कलमंच जास्त बोलतात. ‘शीतपेय’ या गटाचे हक्क एकाच कंपनीला दिले, तर त्या गटात ऊर्जापेय येतं का? पाण्याची बाटली येते का? पत्रकार परिषदेत खेळाडूसमोर दुसऱ्याच ब्रँडची बाटली दिसली तर जबाबदार कोण? सामना पावसात वाहून गेला तर पैसे परत द्यायचे की पुढच्या हंगामात जाहिरातीची जागा? गटाची व्याख्या एका ओळीची असते आणि भांडणं तिच्यावरूनच होतात, म्हणून ती ओळ स्वतःच्या हाताने लिहून बघ, मग वर्गमैत्रिणीला तिच्यातली पळवाट शोधायला सांग.

खेळाडूंच्या करारांमध्ये एक प्रकरण मुळापासून वाच. फिफाने 1 जानेवारी 2021 पासून महिला फुटबॉलपटूंना किमान 14 आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात करारातल्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रक्कम, असा नियम लागू केला. आइसलंडची फुटबॉलपटू सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर गरोदर असताना फ्रान्सच्या ल्याँ क्लबने तिचा पूर्ण पगार दिला नाही. ती फिफाच्या लवादाकडे गेली आणि 2022 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, क्लबला 82,000 युरोंहून अधिक रक्कम द्यावी लागली. उद्या क्लबच्या कार्यालयात तू असशील तेव्हा असा मेल तुझ्याकडेच येईल. त्या दिवशी काय उत्तर द्यायचं, हे आजच ठाऊक असलेलं बरं.

इतिहासाचा एक धडाही टिपून ठेव. अमेरिकेत 1972 साली शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन हा कायदा आला, शिक्षणसंस्थांमध्ये मुलींच्या खेळाला पैसा मिळू लागला. त्या वेळी महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांत 90 टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. पगार आणि प्रतिष्ठा वाढत गेली तशा त्या जागांवर पुरुष आले आणि स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या खाली उतरलं. महिलांच्या खेळात आज पैसा येतो आहे, तेव्हा तो सांभाळायच्या जागा कोणाकडे जाणार हा प्रश्न पुन्हा उभा आहे. मला या सगळ्या तयारीची एवढी निकड वाटते ती याचमुळे.

मैदानावरचं काम पहिल्या वर्षापासून कर, स्वयंसेवक म्हणून का होईना. तिथे गेल्यावर सामन्याच्या दिवसाचं मिनिटवार वेळापत्रक मागून घे. त्यात वेळ, काम, जबाबदार माणूस आणि वॉकीटॉकीचं चॅनल असे रकाने असतात. फाटकं कधी उघडायची, खेळपट्टीची शेवटची पाहणी, संघांच्या बसेस, राष्ट्रगीत, प्रायोजकाच्या पाहुण्याने मैदानात यायचा क्षण, प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीची उलटी मोजणी, सगळं त्यात असतं. प्रत्यक्षात कुठे किती उशीर झाला ते शेजारी पेन्सिलने लिहीत जा. एक दिवस तिकीट खिडकीवर बसायला माग. एक दिवस रात्री हिशेब जुळवणाऱ्या माणसाजवळ बस. कुणाच्या गळ्यातला पास कुठवर चालतो, एवढं जरी नीट समजलं तरी अख्ख्या आयोजनाचा आराखडा डोक्यात बसतो.

इंटर्नशिप पक्की करण्याआधी सुरक्षिततेच्या गोष्टी स्पष्ट विचार, संकोच नको. सामना मध्यरात्री संपला तर परतीची गाडी कोण देणार, दौऱ्यावर खोली कोणाबरोबर, मैदानावर स्त्रियांसाठी कपडे बदलायची जागा आहे का, तक्रार करायची झाली तर कोणाकडे. उत्तरं मेलवर घे.

पहिली नोकरी तिकीटविक्रीची मिळाली तर नाक मुरडू नकोस. फोनवर नकार ऐकत विकणारी मुलगी दोन हंगामांत जे शिकते ते कुठल्याच वर्गात शिकता येत नाही. किम एंग यांची वाट बघ. 1990 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल क्लबमध्ये इंटर्न, 1995 मध्ये क्लबच्या बाजूने खेळाडूच्या पगाराचं प्रकरण लवादासमोर मांडून जिंकणं, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये मायामी मार्लिन्सच्या जनरल मॅनेजर, मेजर लीग बेसबॉलमध्ये या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. मधली तीस वर्षं लांबच लांब वाटतात आणि तेवढी लागायला नको होती. पण सुरुवातीलाच त्यांच्या हाती करार आणि आकडे होते, हे विसरू नकोस. कॅथी एंगलबर्ट 2019 मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगच्या आयुक्त झाल्या त्या डिलॉइट या लेखा आणि सल्लागार कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखपदावरून, मूळच्या लेखापाल.

ओळखी वाढवताना ‘मार्गदर्शन करा’ असा मोघम मेल पाठवू नकोस. ‘तुमच्या लीगमध्ये हंगामी पास आणि एकेका सामन्याचं तिकीट यांचे दर कसे ठरतात, पंधरा मिनिटं मिळतील का?’ असं नेमकं विचार. सल्ला देणारे भेटतात. तू खोलीत नसताना तुझं नाव सुचवणारं माणूस मिळायला वेळ लागतो, आणि ते तुझं काम पाहिलेल्यांतूनच निघतं. म्हणून तयार केलेला प्रत्येक तक्ता, प्रत्येक अहवाल एका फोल्डरमध्ये ठेव.

मुलाखतीत लग्नाबद्दल किंवा रात्रीच्या कामाबद्दल विचारतील, याची तयारी ठेव. उत्तर थोडक्यात आणि कामावर आणणारं असू दे: ‘सामन्याच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करायची सवय आहे, मागच्या हंगामात अमुक जबाबदारी सांभाळली.’ मग तूच विचार, या पदावरच्या माणसाला विक्रीचं उद्दिष्ट असतं का, अंदाजपत्रकातला किती भाग त्याच्या हाती असतो, तो कोणाच्या हाताखाली काम करतो. नियुक्तीपत्र आलं की या तिन्ही गोष्टी त्यात लेखी आहेत का ते तपास, त्याच कामाला बाजारात काय पगार मिळतो हे दोघा-तिघांकडून काढ, आणि सही करण्याआधी आकडा एकदा तरी वाढवून माग.