ट्रेलरच्या हिचला ग्रीस लावताना या चुका टाळा

पुढच्या वेळी ट्रेलर जोडण्याआधी एक गोष्ट करून बघा. हिच म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायची जोडणी; तिच्या बॉलवरचं (गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावरचं) जुनं ग्रीस बोटावर घ्या आणि अंगठ्याने चोळा. लोण्यासारखं मऊ लागलं तर काळजी नाही. करकर लागली, तर ते आता ग्रीस राहिलेलं नाही. त्यात धूळ आणि लोखंडाचा कीस मिसळून त्याचा पॉलिश पेपर झालाय, आणि प्रत्येक वळणावर तो बॉल आणि कपलर (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) दोन्ही घासून काढतोय.

म्हणूनच जुन्या थरावर नवं ग्रीस थापणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. डोळ्यांना वाटतं की देखभाल झाली. प्रत्यक्षात आतली घाण तिथेच राहते. आधी फडक्याने सगळं पुसून काढा, चिकटून बसलेलं रॉकेलने किंवा डीग्रीझरने (ग्रीस विरघळवणाऱ्या द्रावणाने) सोडवा, कोरडं करा, आणि मगच नवं लावा. कपलरची वाटी लोक हमखास विसरतात. बॉल समोर दिसतो म्हणून पुसला जातो. वाटीत मात्र खालून हात घालावा लागतो, आणि खरी माती तिथेच साठते.

ग्रीस किती लावायचं? बॉलचा रंग बदललेला दिसेल एवढा पातळ थर. ओघळ आले म्हणजे जास्त झालं. साधं एनएलजीआय २ दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा, डब्यावर लिहिलेला असतो) लिथियम ग्रीस पुरतं. पाण्यात उतरणाऱ्या बोटीच्या ट्रेलरला मरीन ग्रीस घ्या, कारण ते पाण्याने लवकर धुऊन जात नाही. जाम झालेलं सोडवायचा पातळ स्प्रे मात्र बॉलवर ग्रीसच्या जागी चालत नाही. तो गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण दोन धातूंमधल्या दाबाखाली टिकत नाही.

ग्रीस लावूच नये अशी हिच

काही कपलरच्या आत बॉलला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे फ्रिक्शन पॅड असतात. ट्रेलर मागे डोलू नये म्हणून ही सोय असते, आणि ती फक्त घर्षणावर चालते. अशा हिचच्या बॉलवर ग्रीसचा थेंबही नको. लावलात, तर ब्रेकच्या पॅडवर तेल ओतल्यासारखंच आहे. बॉल नवा असेल तर त्यावरचा रंगही घासून काढावा लागतो, नाहीतर तो पॅडवर चढून बसतो. चुकून ग्रीस लागलंच, तर बॉल ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. पॅडमध्ये मुरलं असेल तर पॅड बदला. हे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गाडीला ट्रेलर जोडताना होतं: त्याच्या बॉलला सवयीने ग्रीस लावलेलं असतं आणि तुमच्या कपलरला ते चालत नसतं. म्हणून उसनी गाडी असली की आधी फडकं काढा. डोलणं रोखायला वेगळ्या दांडीचा फ्रिक्शन स्वे कंट्रोलही असतो, तोही घर्षणावरच चालतो, त्यालाही तेल लावायचं नाही.

खडखडाटावर ग्रीस हा इलाज नाही

चालताना हिच वाजते म्हणून ग्रीस भरणारे खूप आहेत. आवाज काही दिवस दबतो आणि कारण आत तसंच राहतं. बॉल पुसला की त्यावर कोरलेला आकडा वाचता येतो. तो कपलरवरच्या आकड्याशी जुळवून बघा. २ इंच म्हणजे ५०.८ मिमी आणि १ ७/८ इंच म्हणजे ४७.६ मिमी. नुसत्या नजरेला हा तीन मिमीचा फरक कळत नाही. लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, लॅचही (कपलर बॉलवर अडकवणारा खटका) लागतं, आणि मोठ्या खड्ड्यात तो उचकटून बाहेर येतो. बॉलवरच भार-क्षमताही लिहिलेली असते, तीही त्याच वेळी बघून घ्या.

आकडे जुळत असूनही आवाज येत असेल तर झीज बघा. बॉलवर नख फिरवलं की सपाट झालेला भाग कळतो. मग व्हर्नियरने (जाडी अचूक मोजायच्या मापकाने) दोन-तीन दिशांनी मोजा, कारण ओढ एकाच रेषेत असल्याने झीज सगळीकडून सारखी होत नाही. ५० मिमीचा बॉल कुठेही ४९ मिमी भरला तर तो बदलायचा. बॉल हाताने फिरत असेल तर खालचा नट सैल आहे. तो उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळल्याशिवाय गाडी हलवू नका. बॉलची दांडी ज्यात बसते त्या गाडीच्या चौकोनी रिसीव्हरमध्येही ग्रीस कोंबू नका, सगळी धूळ तिथे जाऊन बसते. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि अँटी-सीझचा (धातू जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्या.

लॅच

हा भाग मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एकदा लॅच नेहमीसारखं खाली बसलं, पिनही आत गेली. निघण्याआधी सवयीप्रमाणे जॉकी व्हील (दांडीला आधार देणारं पुढचं छोटं चाक) फिरवून ट्रेलरची दांडी वर उचलली, तर कपलर एकटाच बॉलवरून सुटून वर आला. गाडी जागची हललीही नाही. आत बघितलं तर बॉलला खालून पकडणाऱ्या जबड्याच्या मागे जुनं ग्रीस वाळून घट्ट झालं होतं आणि त्यामुळे जबडा बॉलखाली पूर्ण सरकतच नव्हता. तसाच रस्त्यावर गेलो असतो तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून लॅचच्या कडीला आणि खिळीला फक्त हलक्या तेलाचे थेंब देतो, जबडा दोन-तीनदा उघडून-मिटून बघतो, आणि जोडल्यावर दांडी उचलून पाहणं कधीच चुकवत नाही. कपलर नीट बसला असेल तर दांडीबरोबर गाडीचा मागचा भागही वर येतो. यायलाच हवा.

ओव्हररन ब्रेकचा (गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्यानेच लागणाऱ्या ब्रेकचा) ट्रेलर असेल तर कपलरमागच्या नळीवर ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात. ग्रीस गन लावताना रबरी घडीचं आवरण फाटलंय का तेही बघा. फाटलं असेल तर पाणी थेट सरकत्या दांड्यापर्यंत जातं. दिव्यांच्या प्लगमध्ये हिचचं ग्रीस नको, तिथे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लागतं, आणि तेही थोडंसंच. ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन अडकवा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत अडकते.

ट्रेलर सोडल्यावर बॉल पुसून टोपी घाला. खाऱ्या पाण्यातून आला असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग ग्रीस. आणि पुसलेलं फडकं फेकण्याआधी उजेडात धरून बघा: त्यावर चमचमणारे चांदीसारखे कण दिसले, तर धातू झिजतोय. त्याच दिवशी व्हर्नियर काढा.